पेट्रोलचा वास

आमच्या घरात पहाटे सगळ्यात आधी पेटतो तो बंब. गॅसची शेगडी आली, पोरानं न्हाणीत गिझर बसवला, पण हिचं पाणी अजून बंबातच तापतं. तांब्याचा बंब आहे, लग्नात माहेरून आलेला. त्यात काटक्या, शेंगांची टरफलं, असलीच तर शेणी घालायची आणि काडी लावायची. बंबाची जागा गोठ्याच्या भिंतीला लागून. पूर्वी जनावरांचं शेणघाण करता करता ही एक डोळा बंबावर ठेवायची, म्हणून तिथं.

आता गोठ्यात जनावरं नाहीत. इंदोरीच्या अलीकडं इंद्रायणीच्या अंगाला आमची भाताची खाचरं. तळेगावच्या आजूबाजूला कारखाने वाढले, माणसं कंपनीत गेली, वैरण कापायला गडी मिळेना. २०१४ साली शेवटची बैलजोडी विकली आणि २०१७ साली त्याच गोठ्यात मोटार आणून लावली. पांढरी, पेट्रोलवरची, २०१३ सालची, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. गव्हाण मी मोडली नाही. गाडी तोंड आत करून लावली की नातू म्हणायचा, "आजोबा, गाडी वैरण खाती."

२०२२ च्या फेब्रुवारीत एका सकाळी ही म्हणाली, "अहो, गोठ्यात पेट्रोलचा वास येतोय."

मी म्हणालो, "पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार, अत्तराचा कुठनं येणार?"

चार दिवसांनी पुन्हा तेच. मी कोपऱ्यातल्या फवारणीच्या पंपाकडं बोट दाखवलं. त्यालाही पेट्रोल लागतं. हिनं तो पंप उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला. आणखी चार दिवसांनी म्हणाली, "पंप हलवला तरी वास आहेच." मी गाडीखाली वाकून बघितलं. कुठं ठिपका नाही, ओल नाही. पेट्रोल त्या दिवसांत महाग झालेलं, पुढं एप्रिलात तर लिटरला १२० च्या आसपास गेलं. एक थेंब सांडला असता तरी मला दिसला असता. मी म्हणालो, "तुझं नाक जास्तच तिखट." त्यानंतर ती काही बोलली नाही. आणि मी समजलो की वास गेला.

एप्रिलात हिच्या डोळ्याच्या तपासणीसाठी पुण्याला निघालो होतो. सोमाटणे फाट्याच्या जवळ समोरच्या काचेत एक पिवळा दिवा लागला. नळाच्या तोटीसारखं चित्र. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, ऑइल बघितलं. सगळं जाग्यावर. गाडी चालतही नीट होती. दिवा तेवढा जाईना. पुण्याला जाऊन आलो, पण त्या दिवशी मी रस्ता कमी आणि दिवा जास्त बघितला.

पहिल्या गॅरेजवाल्यानं स्टेअरिंगखाली एक यंत्र खुपसलं, दोन बटणं दाबली, दिवा गेला. पाचशे रुपये. पाचव्या दिवशी दिवा परत हजर. दुसरीकडं गेलो, तर तो म्हणाला सायलेन्सरचा सेन्सर गेलाय, बदलावा लागेल, सात-आठ हजार धरून चाला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. शेतकऱ्याचं हे वाक्य गॅरेजवाल्यांना पाठ असतं.

मध्येच पीयूसीची मुदत संपली. वाटलं, दिवा लागलेला आहे, आता नापास होणार. पण त्या पोरानं सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली, यंत्रावरचे आकडे बघितले आणि वर्षभराचा कागद काढून दिला. दिव्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. गाडी पास. मला तेवढंच पाहिजे होतं.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. फोनवर त्याला सहज सांगितलं. तो हसायला लागला. म्हणाला, "मामा, आमच्याकडं तर हा दिवा लागलेला असला की गाडी तपासणीत नापासच होते. माझ्या जुन्या गाडीला दोनदा लागला होता. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा." त्याच्याकडून समजलं की अमेरिकेत १९९६ नंतरच्या गाड्या टाकीतून वाफ कुठं गळते का ते स्वतःच तपासतात. मिलिमीटरभर भोक पडलं तरी गाडीला कळतं, पुढं पुढं तर अर्ध्या मिलिमीटरचंही कळायला लागलं. झाकण सैल राहिलं तरी दिवा. मी विचारलं, "वाफ गेली तर यांचं काय जातं?" तो म्हणाला, "मामा, ती वाफ उन्हात धुराला मिळून हवा खराब करते. शिवाय पेट्रोल तुमच्याच पैशाचं."

झाकण काढून बघितलं. आतली रबरी चकती वाळून चिरली होती, उन्हाळ्यात टाच फुटते तशी. नवं झाकण आणलं. दोन दिवस वाट बघितली, चार दिवस बघितली. दिवा तसाच.

शेवटी मला बरोबर माणूस भेटला तो तळेगाव स्टेशनच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये. आयटीआय झालेला पोरगा, तिशीचा. चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, मग यानं स्वतःचं शेड टाकलं. त्यानं यंत्र लावलं, आकडा वाचला, पण दिवा पुसला नाही. म्हणाला, "तात्या, हा आकडा म्हणजे चोराचं नाव नाही, गल्लीचं नाव आहे. चोर आपण शोधायचा." मग डॉक्टर विचारतो तसे प्रश्न विचारायला लागला.

"पेट्रोल भरल्यावर पंपावर गाडी पटकन चालू होते का?"

मी चमकलो. कारण तिथंच ती रडायची. एरवी एका सेलला चालू, आणि टाकी भरली की तीन-तीनदा सेल मारायला लागायचा. मला वाटायचं पेट्रोलमध्ये काही भेसळ आहे. एकदा तर मी पंपावरच्या पोराला बोललोही होतो.

"टाकी भरता कशी?"

हे सांगायला मला जरा अवघड वाटलं. माझी खोड अशी की टाकी गळ्यापर्यंत भरायची. नळीचा खटका पडला की पंपावरचा पोरगा म्हणायचा, "तात्या, कट झालं." मी म्हणायचो, "अजून मार, राउंड फिगर कर." आणि तो मारत असताना मी गाडी मागनं धरून हलवायचो. पायलीत भात भरताना हलवून, थोपटून भरतात, तसं. घेणाऱ्यानं पायली हलवायची हे आमच्या रक्तातच आहे.

पोरगा हसला नाही. त्यानं एक जुना काळा डबा आणून समोर ठेवला, तिळगुळाच्या डब्याएवढा. "टाकीत पेट्रोलची वाफ कायम होत असते. गाडी पत्र्याखाली उन्हात उभी असली की जास्त होते. ती हवेत सोडायची नाही, म्हणून नळीनं या डब्यात आणतात. डब्यात खास भाजलेला कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. गाडी चालू झाली की इंजिनाजवळचा एक व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं, कोळसा परत रिकामा. पण हा डबा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. खटका पडल्यावर तुम्ही जे वर ओतत होता, ते पेट्रोल थेट कोळशात गेलं. कोळसा भिजून फुटला."

त्यानं तो व्हॉल्व्ह काढला, माझ्या अंगठ्याएवढा. म्हणाला, "फुंका याच्यात." तोंडाला पेट्रोल लागायला नको म्हणून फडक्यानं पुसून दिला. बंद असताना फुंकर आरपार जायला नको होती. गेली. मग त्यानं पांढऱ्या कागदावर तो आपटला. आतनं काळे कण पडले, करपलेल्या मोहरीसारखे. माझ्याच हलवण्यानं फुटलेला कोळसा. तो व्हॉल्व्हच्या तोंडात अडकून बसला होता, म्हणून व्हॉल्व्ह कायम उघडा, म्हणून भरलेल्या टाकीची सगळी वाफ एकदम इंजिनात जाऊन गाडी गुदमरायची. सात-आठ हजाराच्या सेन्सरचा यात काही संबंधच नव्हता.

"चला, दिवा सापडला," मी म्हणालो. उठता उठता आपलं सहज बोललो, "आमची मंडळी म्हणत होती, गोठ्यात वास येतो. तो पण यानंच असेल."

पोरगा पाना पुसत होता, थांबला. "कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"यानं नाही येणार तेवढा. गाडी बंद गोठ्यात लावता?"

"बंद म्हणजे, दार लावतो. मांजरं येतात."

"जवळ काही पेटतं का?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. मला बंब दिसला. आणि बंबाच्या मागं, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची इंजिनाची खोली दिसली.

१९७६ साल असेल. मी दहावीच्या आधल्या वर्षाला होतो. नदीवर आमचं एक छोटं इंजिन होतं, पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं. त्याला दगडाची बारकी खोली, झरोकासुद्धा नाही. एका रात्री पेट्रोलचा डबा कलंडला असावा. पहाटे माझा थोरला चुलतभाऊ कंदील घेऊन गेला. मी पाठीमागं खोरं घेऊन. त्यानं दार लोटलं आणि कंदील आत नेला, तेवढंच. जमिनीवर पेट्रोल दिसतही नव्हतं, सगळं उडून गेलेलं. पण 'भप्प' असा आवाज झाला आणि खोलीच्या तळातनं जाळ उठला. तो जिता राहिला. उजव्या हाताची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. त्या हातानं परत धार काढता आली नाही त्याला. आमच्या वडलांनी तेव्हा शिकवलं होतं: रॉकेल जळायला वात लागते, पेट्रोलची हवाच जळते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीवरनं पाण्यासारखी पसरते, उतार शोधते. पेट्रोल थंडीच्या दिवसांतही उडतं. हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकातनं नाही, डोळ्यांनी बघितलेलं. आणि तरी तीन महिने मी हिला अत्तराचं सांगत होतो.

पोरानं गाडी तिथंच ठेवून घेतली. म्हणाला, "वासाचा चोर वेगळा आहे. या गाडीला व्हॉल्व्हचं कळतं, नळीला भोक पडलेलं कळत नाही. ते आपल्याला हुडकायला लागेल. मोठ्या वर्कशॉपात धूर सोडायचं यंत्र असतं, माझ्याकडं नाही."

धूर म्हटल्यावर मी आपला उत्साहात म्हणालो, "अगरबत्ती लावून बघू का?"

"तात्या!" तो असा ओरडला की शेजारचा चहावाला बाहेर आला. नुकतीच आठवण काढून बसलेलो, आणि तोंडातनं हे निघालं. माणसाचं डोकं कुठं कुठं जातं.

मग मला गोबरगॅस आठवला. १९८४ साली आम्ही बांधला होता, लोखंडी टोपीचा. त्याची टोपी गंजली की बारीक छिद्रं पडायची आणि सकाळचा चहा व्हायच्या आधीच गॅस संपायचा. तेव्हा साबणाचा फेस करून टोपीवर आणि पाइपावर फासायचा. जिथं बुडबुडा फुगला, तिथं भोक. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो त्यातलाच प्रकार. पोराला सांगितलं, तर तो म्हणाला, "हे चालेल. पण दाब अगदी कमी पाहिजे, टायरचा पंप लावला तर नळ्या फाटतील."

त्यानं काय आणलं असेल? रक्तदाब मोजायचं यंत्र. घड्याळासारखा काटा असलेलं, दंडाला बांधायचा पट्टा काढून टाकलेलं. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची तार काढली, शेडची दोन्ही दारं उघडली, चहावाल्याला स्टोव्ह बंद करायला लावला. वाफेच्या नळीचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला यंत्राची रबरी नळी जोडली आणि फुगा दाबायला लागला. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर काटा वीसवर आला. फुग्याचा स्क्रू आवळला. आम्ही दोघं काट्याकडं बघत उभे. काटा हळूहळू उतरायला लागला. माझा रक्तदाब त्या वेळी कुणी मोजला असता तर तो काही उतरला नसता.

मी घमेल्यात फेस केला. रंगाच्या ब्रशनं तो गाडीखाली निजून एकेका नळीला फासत गेला. झाकणाशी काही नाही. डब्याशी काही नाही. टाकीच्या वरच्या अंगाला, जिथं नळी पत्र्याच्या बाकातनं वळते आणि खालनं दिसतच नाही, तिथं त्यानं आरसा धरला. आणि मला आरशात बुडबुडा दिसला. फुगला, फुटला, परत फुगला.

नळी काढून हातात घेतली तर दोन दात उमटलेले. उंदीर. नोव्हेंबरात भात झोडून पेंढा त्याच गोठ्यात रचला होता. भाताच्या वासानं उंदीर आले, भात संपल्यावर गाडीकडं वळले. टाकीच्या माथ्यावर भोक, म्हणून पेट्रोल कधी खाली ठिबकलं नाही. नुसती वाफ जायची. मी रोज गाडीखाली ओल शोधत होतो आणि वाफ माझ्या नाकाखालनं भिंतीपर्यंत सरपटत जात होती. त्या भिंतीच्या पलीकडं बंब.

रिक्षानं घरी आलो. ही शेंगा निवडत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, नळी दाखवली, दात दाखवले. मला वाटलं, आता चांगली बोलणार. बोलायला पाहिजेच होती.

ती म्हणाली, "मी फेब्रुवारीपासनं बंब पेटवायच्या आधी गोठ्याची दोन्ही दारं उघडते. चूळ भरून येते, तुळशीला पाणी घालते, मग काडी लावते. दोन महिने झाले, बंबच ओढून पेरूखाली नेलाय. तुम्ही उठेपर्यंत पाणी तापलेलं असतं, तुम्ही बघता कुठं?"

मी उठून मागं गेलो. खरंच, भिंतीशी नुसती काळी राख राहिलेली आणि बंब पेरूच्या झाडाखाली. पेरूची खालची पानं धगीनं पिवळी पडली होती. दोन महिने मी त्याच पाण्यानं अंघोळ करत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं," ती म्हणाली. "भाऊजींच्या हाताला भाकरी कुस्करून मी घातली आहे इतकी वर्षं. मला काय त्या वासाचं शिकवता?"

गोबरगॅसच्या वेळीही टोपी गळते हे पहिलं हिलाच समजायचं, हे मला तेव्हा आठवलं. साबण लावायला मला हाक मारायची, आणि छिद्र सापडलं की गावात सांगायचो मी.

पुढचं थोडक्यात. नळी दोनशे रुपयांच्या आत आली. व्हॉल्व्ह चौदाशेला. कोळशाचा डबा मिळायला पंधरा दिवस लागले, तोवर गाडी पेरूच्या विरुद्ध बाजूला, उघड्या खळ्यात उभी केली. नळीवर पोरानं बारीक लोखंडी जाळी गुंडाळून दिली. पेंढा मी गोठ्यातनं काढला. दिवा पुसू का म्हणून विचारलं तर पोरगा नको म्हणाला, "दुरुस्ती खरी असेल तर आपोआप जाईल. दोन-चार दिवस चालवा." चौथ्या दिवशी चाकणच्या बाजाराला निघालो, सेल मारला, आणि काचेतली तोटी नव्हती. मी गाडी बंद करून परत चालू केली. नव्हतीच.

हिनं मात्र दिवा बघितला नाही. पहिल्या दिवशी गाडी गोठ्यात परत लावली, दार लावलं, पहाटे ती एकटी आत गेली. मी अंथरुणातच जागा होतो. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "नाही येत." बंब अजून पेरूखालीच आहे. भिंतीशी आणू का म्हटलं, तर म्हणाली, तिथं सकाळचं ऊन बरं लागतं.

गेल्या आठवड्यात दोघं पुण्याला चाललो होतो, म्हणून तळेगावात पंपावर थांबलो. खटका पडला. मशीनवर १,८४३ रुपये आणि काही पैसे आले होते. पोरानं सवयीनं विचारलं, "तात्या, राउंड फिगर?"

"नको. कट झालं की थांब."

"सुट्टे नाहीत माझ्याकडं."

हिनं पिशवीतनं बटवा काढला आणि मांडीवर चिल्लर मोजायला घेतली.